आधी खुर्ची उलटी करा : ब्राझीलचं आधुनिक फर्निचर ओळखायचं, तपासायचं आणि जपायचं कसं

फोटोत दिसते ती समोरची बाजू. पण १९४० ते १९७० या काळात रिओ आणि साओ पावलोच्या कारखान्यांत घडलेल्या खुर्चीबद्दल जे कळायचं, ते बहुतेक तिच्या पोटाखाली असतं: लाकूड कुठलं, सांधा कसा, बैठक कशावर तोललेली, नंतर कुणी काय दुरुस्त केलं. नवखा माणूस आधी नाव विचारतो, मग लेबल शोधतो आणि शेवटी खुर्ची बघतो. हा क्रम उलटा करायचा. लिलावातली वस्तू बघायची असो, परदेशातल्या दुकानातली असो, की घरी आलेली जुनी खुर्ची नीट करायची असो, पुढच्या पायऱ्या तिन्ही ठिकाणी चालतात.

सोबत ठेवायचं सामान थोडं आहे: टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, व्हर्नियर कॅलिपर, लहान लोहचुंबक, पांढरं सुती फडकं आणि वही. पॉलिश पेपर आणि ब्लेड घरीच राहू द्या. तपासणीत खरवडण्यासारखं काहीच नसतं.

पायरी १ : हात ओळखायला शिका

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. सात-आठ माणसांची कामाची तऱ्हा डोळ्यांत बसली की पुष्कळ झालं.

जोआकिम तेनरेइरो (१९०६–१९९२) पोर्तुगालात सुताराच्या घरी जन्मला आणि १९२८ मध्ये ब्राझीलला आला. युरोपातून आलेल्या जड, मखमली फर्निचरला त्याचा विरोध होता; उष्ण देशातली खुर्ची हलकी असावी, तिच्यातून हवा खेळावी, असं त्याचं म्हणणं. त्याची ‘पोल्त्रोना लेवी’, म्हणजे हलकी आरामखुर्ची, १९४२ ची. खाली निमुळते होत गेलेले पाय आणि वेताची बारीक विण ही त्याची खूण.

सेर्जिओ रोद्रिगेस (१९२७–२०१४) तेनरेइरोच्या अगदी उलट. दणकट, गोल, हाताच्या मुठीत न मावणारे खांब आणि त्यांवर लोळणाऱ्या चामड्याच्या गाद्या. १९५५ मध्ये त्यानं रिओच्या इपानेमा भागात ‘ओका’ हे दुकान काढलं. ओका म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची झोपडी. १९५७ ची त्याची ‘मोली’ आरामखुर्ची १९६१ मध्ये इटलीतल्या कांतू इथल्या स्पर्धेत पहिली आली आणि पुढे इटलीत ‘शेरीफ’ या नावानं बनू लागली.

लीना बो बार्डी (१९१४–१९९२) रोमची, १९४६ मध्ये ब्राझीलला आली. पोलादी कड्यावर नुसता ठेवलेला अर्धगोल वाडगा म्हणजे तिची १९५१ ची ‘बोल’ खुर्ची. वाडगा कुठंच बांधलेला नाही, हवा तसा कलता होतो. पावलो मेंडिस दा रोशा (१९२८–२०२१) याची ‘पावलिस्तानो’ (१९५७) म्हणजे वाकवून जोडलेली एकच पोलादी सळी आणि तिच्यावर चढवलेली चामड्याची झोळी. जोर्जे झालशुपिन (१९२२–२०२०) वॉर्सात जन्मला. त्याच्या ‘लातेलिए’ या कारखान्यानं जाकारांदाचे लहान तुकडे शेजारी शेजारी बसवून सुंदर पृष्ठभाग केले. जोसे झानिने काल्दास (१९१९–२००१) यानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्लायवूडमधून वळणदार खुर्च्या कापल्या आणि नंतर बाइया प्रांतात, जंगलतोडीत पडलेल्या प्रचंड ओंडक्यांतून थेट आसनं कोरली. तोडलेल्या झाडाची ती उघड साक्ष होती. जेराल्दो दे बारोस याचं नाव १९५४ मध्ये सुरू झालेल्या ‘उनिलाबोर’ या कामगारांच्या सहकारी कारखान्याशी बांधलेलं आहे. मिशेल आर्नू सुटे भाग घरी नेऊन जोडायच्या फर्निचरसाठी लक्षात ठेवा.

कॅटलॉग वाचताना पाच शब्द लागतात: कादेइरा म्हणजे साधी खुर्ची, पोल्त्रोना म्हणजे आरामखुर्ची, बांको म्हणजे बाक किंवा स्टूल, मेझा म्हणजे टेबल आणि आर्मारियो म्हणजे कपाट. आपली अलमारी याच शब्दातून आली.

पायरी २ : उलटी करा आणि रंग वाचा

जमिनीवर जाड चादर घाला. दोघांनी मिळून खुर्ची उचला. मोलीसारखी वस्तू एकट्यानं उलथवायला गेलात तर सगळा भार एका पायावर येऊन सांधा मोडतो. गाद्या आधी काढून घ्या. मग टॉर्च वरून मारू नका, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. आडव्या उजेडात रंध्याच्या खुणा, जुने खड्डे आणि भरलेली भोकं उठून दिसतात.

पहिला प्रश्न रंगाचा. उन्हात राहिलेला जाकारांदा फिकट, तांबूस तपकिरी होतो. गादीखाली किंवा सांध्याच्या आत झाकलेला भाग गडद राहतो. बैठकीच्या खालची, पॉलिश न केलेली बाजू कोरडी आणि करडी दिसते. साठ वर्षांच्या वस्तूत हे तिन्ही रंग वेगवेगळे असायला हवेत. सगळीकडे एकच रंग असेल तर वस्तू नव्यानं घासून पॉलिश केलेली आहे किंवा मुळात नवीच आहे.

दुसरा प्रश्न भोकांचा. गादीचं कापड जिथं ठोकलेलं असतं तिथं पाहा. जुनी वस्तू दोन-तीनदा तरी नव्यानं मढवली जाते, म्हणून बारीक खिळ्यांच्या जुन्या भोकांशेजारी नंतरच्या स्टेपलची भोकं दिसतात. चौकटीला फक्त स्टेपलची एकच स्वच्छ ओळ आणि सांगणारा मात्र ‘१९५८ ची’ म्हणतोय, तर तिथंच थांबून विचारा. स्क्रूभोवती लाकूड काळवंडलेलं आहे का तेही बघा. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन दमट हवेत एकमेकांशी लागलं की तो काळा डाग पडतो, आणि घाईघाईत तो खरा वाटेल असा पाडता येत नाही.

कॅलिपर इथंच वापरा. लाकूड वाळताना वाढीच्या वलयांच्या दिशेनं जास्त आणि वलयांना आडवं कमी आकसतं. त्यामुळे लेथवर गोल कातलेला खांब काही दशकांत किंचित लंबगोल होतो. एकाच जागी काटकोनात दोन मापं घ्या. मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक मिळाला तर चांगली खूण. पण हा एकटा पुरावा धरू नका. मुळातच वाकडा कातलेला खांबही असाच मोजला जातो.

पायरी ३ : लाकूड

इथं मराठी वाचकाचा एक घोटाळा हमखास होतो. उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांनी भरणारा रस्त्यावरचा नीलमोहर, ज्याला आपण जॅकरंडा म्हणतो, त्याचा या लाकडाशी संबंध नाही. त्याचं कूळच वेगळं. फर्निचरचा जाकारांदा (पोर्तुगीज उच्चार ‘झाकारांदा’च्या जवळ जातो) म्हणजे डाल्बर्जिया नायग्रा, ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातलं झाड. आपला शिसव, डाल्बर्जिया लॅटिफोलिया, हा त्याचा सख्खा भाऊबंद. शिसवी पाट किंवा जुनी शिसवी कपाटं हाताळलेल्या माणसाच्या हाताला जाकारांदाचा जडपणा लगेच ओळखीचा वाटतो. वाळलेल्या जाकारांदाचं वजन घनमीटरला साधारण ८३५ किलो भरतं, सागवानाचं ६५० च्या आसपास.

डोळ्याला काय दिसतं? चॉकलेटी ते तांबूस तपकिरी अंगावर काळ्या, वेड्यावाकड्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. पण काविउना नावाचं ब्राझिली लाकूडही असंच दिसतं आणि ते बऱ्याच फर्निचरमध्ये वापरलं गेलं. इम्बुया तपकिरी, पण हलकं आणि मऊ. पाऊ मार्फिम हस्तिदंतासारखं फिकट. रोशिन्यो जांभळट. जाकारांदा की काविउना हा निर्णय नुसत्या डोळ्यानं देऊ नका आणि विकणाऱ्यालाही देऊ देऊ नका. पैसा मोठा असेल तर लाकूड ओळखणाऱ्या प्रयोगशाळेचं मत घ्या.

सबंध लाकूड की विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, हे मात्र कुणालाही पाहता येतं. टेबलाच्या कडेला भिंग लावा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील आणि टोकाला लाकडाची छिद्रं दिसत असतील तर लाकूड सबंध आहे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल किंवा रेषा तिथं तुटत असतील तर विनियर. विनियर म्हणजे नक्कल असं समजू नका. झालशुपिनची कितीतरी उत्तम कामं विनियरची आहेत. फक्त त्याची जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर असते आणि यंत्रानं एकदा घासलं की आतला प्लाय उघडा पडतो. तो परत झाकता येत नाही.

तेनरेइरोची १९४७ ची तीन पायांची खुर्ची जवळून पाहण्यासारखी आहे. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या पट्ट्या चिकटवून त्या जोडकामातून बैठक आणि पाठ घडवलेली. काही प्रतींत पाच लाकडं आहेत: इम्बुया, रोशिन्यो, जाकारांदा, मार्फिम आणि काब्रेउवा. प्रत्येक लाकूड दमट हवेत आपापल्या प्रमाणात फुगतं, म्हणून इतक्या वर्षांनी पट्ट्यांच्या जोडावरून नख फिरवलं की जेमतेम कळेल असा उंचवटा लागतो. तो दोष नाही. काचेसारखं सपाट लागलं तर कुणीतरी घासलंय, आणि घासताना तेनरेइरोनं राखलेली जाडी गेली आहे.

पायरी ४ : सांधे आणि बैठक

खुर्ची सपाट फरशीवर सरळ उभी करा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीनं दाबा. पाय डुगडुगला तर आधी फरशी तपासा, खुर्ची नव्वद अंश फिरवून पुन्हा दाबा. तरीही तोच पाय उचलला जात असेल तर सांधा सुटलाय.

या काळातल्या चांगल्या कामात खाच-कुसवाचे सांधे असतात, म्हणजे एका तुकड्याचं कोरलेलं टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं. सांध्याच्या तोंडाशी काळी फट, गोंदाचा चकचकीत ओघळ किंवा आत घुसवलेला स्क्रू दिसला तर तिथं नंतर हात फिरलाय. स्क्रू सर्वांत वाईट. लाकूड हलत राहतं, स्क्रू हलत नाही, आणि काही वर्षांत कुसू उभं चिरतं.

सुटलेला सांधा घरी बसवायचा तर क्रम असा. आत खिळा किंवा पिन आहे का ते चुंबकानं पाहा. असेल तर सांधा ओढू नका. नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं सांध्याभोवती दहा मिनिटं गुंडाळा. पॉलिशवर पांढरा डाग पडू शकतो, म्हणून फडकं सांध्यापुरतंच ठेवा. जुना सरस असेल तर मऊ होऊन सुटतो. जुना गोंद शेवटच्या कणापर्यंत काढा, कारण जुन्या गोंदावर नवा धरत नाही. दोन दिवस वाळू द्या. मग पुन्हा सरसच लावा, क्लॅम्प आवळा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिलिमीटरच्या वर असेल तर क्लॅम्प सरकवून सरळ करा. चोवीस तास हात लावू नका. सरसाचा आग्रह एवढ्यासाठी की पन्नास वर्षांनी पुढच्या सुतारालाही तो गरम पाण्यानं सोडवता येतो. इन्स्टंट गोंद किंवा इपॉक्सी वापरलं की ती वाट बंद होते.

बैठकीखाली काय आहे तेही लिहून ठेवा. मोलीत चौकटीतून ओढलेल्या चामड्याच्या रुंद पट्ट्या असतात. त्या सैल होतात आणि कोरड्या पडून वळणाच्या जागी तडकतात. पट्टी दुमडून पाहू नका, टॉर्चनं तडे शोधा. जुन्या गाद्यांतला लॅटेक्स फोम तपकिरी भुकटी होऊन गळतो. फरशीवर तशी भुकटी सापडली तर फोम बदलावा लागेल; जुनं चामडं मात्र फेकू नका. झानिनेच्या प्लायवूडमध्ये कडा तपासा, थर सुटायला तिथूनच सुरुवात होते.

पायरी ५ : आता नाव

लेबल, शिक्का, धातूची पट्टी यांची पाळी आत्ता. लेबल एका वस्तूवरून काढून दुसरीवर लावणं सोपं आहे, म्हणून लेबलाभोवतीचं लाकूड बघा. लेबलाखालचा रंग आणि बाजूचा रंग यांत वयाचा फरक हवा.

परवानगीनं नव्यानं बनवलेल्या वस्तूही बाजारात आहेत आणि त्या पूर्णपणे प्रामाणिक आहेत. रोद्रिगेसच्या वस्तू ‘लिन ब्राझील’नं, झालशुपिन आणि लीना बो बार्डी यांच्या काही वस्तू साओ पावलोच्या ‘एतेल’नं, पावलिस्तानो ‘ओब्जेक्तो’नं, तर बोल खुर्ची इटलीच्या ‘आर्पेर’नं ५०० नगांच्या मर्यादित आवृत्तीत काढली. नवी आवृत्ती नवी म्हणून विकली जात असेल तर रोज बसायला तीच घ्या. चुकीचं आहे ते तिला जुनी म्हणून विकणं. मूळ आराखड्याची मापं या उत्पादकांकडे मिळतात; वहीतली उंची, बैठकीची पुढची-मागची उंची आणि खांबाची जाडी त्यांच्याशी ताडून पाहा. नक्कल करणारा लाकूड वाचवतो, त्यामुळे ती बहुधा खांबाच्या जाडीत पकडली जाते.

पायरी ६ : पैसे देण्याआधी कागद

डाल्बर्जिया नायग्रा १९९२ पासून साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद. त्यापूर्वीच्या लाकडाची वस्तू सीमेपलीकडे न्यायची तर ते लाकूड करारापूर्वीचं असल्याचा निर्यात करणाऱ्या देशाचा दाखला लागतो. ब्राझीलमध्ये हे काम इबामा ही संस्था बघते. वस्तू कितीही लहान असली तरी हा नियम लागतो. भारतात आणायची असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं साइटिसच्या यादीतल्या प्रजातींसाठी वेगळी तरतूद आली आहे. म्हणून विकणाऱ्याच्या ‘काही होत नाही’वर विसंबू नका. दाखल्याची प्रत हातात आल्यावरच पैसे पाठवा. दाखला नसलेली वस्तू कस्टममध्ये जप्त झाली तर ती परत मिळायची आशा धरू नये.

पायरी ७ : घरात ठेवताना

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर लाकूड आणि चामडं दोन्ही सुखात असतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते. खुर्ची भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर ठेवा, प्लास्टिकमध्ये कधीच गुंडाळू नका, आणि एसीचा झोत थेट येऊ देऊ नका. एकदम कोरड्या झालेल्या लाकडाला टोकाकडून चीर जाते. चामड्यावर बुरशी आली तर कोरड्या मऊ कुंच्यानं गॅलरीत नेऊन झाडा, घरात झाडलीत तर ती पसरते.

पॉलिश कोणतं ते कळल्याशिवाय काही लावू नका. बैठकीखाली दडलेल्या जागी कापसाच्या काडीनं स्पिरिटचा एक थेंब ठेवा. पंधरा-वीस सेकंदांत चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, आपल्याकडच्या लाखेचंच. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरनं मऊ झालं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद नाही तर नंतर मारलेलं पॉलियुरेथेन. लाखेवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. आणि जाकारांदा घासायची वेळ आलीच तर चांगला मास्क लावा. डाल्बर्जियाच्या भुशानं त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी होते.

पायरी ८ : वेत विणणं

तेनरेइरोच्या कितीतरी खुर्च्यांची बैठक वेताची आहे. या विणीला पोर्तुगीजमध्ये पाल्यिन्या म्हणतात आणि ब्राझीलच्या बाजारात तिचं चालू नाव ‘पाल्यिन्या इंदियाना’, भारतीय विण, असं आहे. फाटलेली बैठक शिकून घेतलेल्या हातानं नीट होते, फक्त घाई चालत नाही.

आधी प्रकार ओळखा. चौकटीला सलग खाच असेल तर तयार विणलेली जाळी बसवलेली आहे. चौकटीत ओळीनं भोकं असतील तर ती हातविण. भोकांच्या चौकटीला खाच पाडून तयार जाळी बसवू नका. मूळ काम कायमचं बिघडतं.

तयार जाळीसाठी: जुनी जाळी आणि खाचेतली वेताची पट्टी गरम पाण्यानं भिजवून काढा, खाच साफ करा. नवी जाळी खाचेपेक्षा चारही बाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर जास्त कापा. कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवा, त्याहून जास्त नको, वेत करडा पडतो. चकचकीत बाजू वर ठेवा. लाकडी पाचरीनं आधी मागचा मध्य, मग पुढचा मध्य, मग दोन्ही बाजूंचे मध्य खाचेत दाबा आणि तिथून कोपऱ्यांकडे सरका. कोपऱ्यापासून सुरुवात केली की जाळीच्या रेषा तिरक्या होतात. खाचेत सरस घाला, भिजवलेली पट्टी लाकडी हातोड्यानं हलके ठोका आणि बाहेर राहिलेली जाळी धारदार पटाशीनं कापा. ओली जाळी ताणून बसवू नका. वाळताना ती स्वतःच ताणली जाते, आणि आधीच ताणलेली असेल तर पट्टी उखडते किंवा काड्या तुटतात.

हातविणीसाठी भोकं मोजा. भोक ५ मिलिमीटर आणि दोन भोकांच्या मध्यांत १६ मिलिमीटर अंतर असेल तर वेत २.५ मिलिमीटरचा, भोक ६ आणि अंतर १९ असेल तर ३ मिलिमीटरचा. जाड वेत घेतलात तर शेवटच्या फेऱ्यांना भोकात जागाच उरत नाही. फेऱ्या सहा. पहिली मागून पुढे. दुसरी डावीकडून उजवीकडे, पहिलीच्या वरून, न गुंफता. तिसरी पुन्हा मागून पुढे, दुसरीच्या वरून, पहिलीच्या किंचित उजवीकडे. चौथी आडवी, आणि इथं पहिल्यांदा गुंफायचं: तिसरीच्या वरून, पहिलीच्या खालून. चौथी संपली की ओली बैठक हातानं सारखी करून जोड्या सरळ रेषेत आणा. ही संधी पुन्हा येत नाही. पाचवी तिरपी, उभ्या जोड्यांवरून आणि आडव्या जोड्यांखालून. सहावी उलट्या तिरप्या दिशेनं, आडव्यांवरून आणि उभ्यांखालून. तिरपी काडी सरळ दिशेनं जात असेल तर सुतासारखी सरकते. प्रत्येक घरात अडकून तिच्या कडा सोलल्या जात असतील तर वर-खाली उलटं झालंय. तिथंच सोडवा, पुढं रेटू नका. शेवटी भोकांवरून एक रुंद काडी झाकण म्हणून फिरवा आणि बारीक वेतानं जागोजाग बांधा.

विणताना वेत वाळला तर खालून ओल्या फडक्यानं पुसत राहा. काम झाल्यावर खुर्ची सावलीत, पंख्यापासून दूर, दोन दिवस ठेवा. मग बैठकीच्या मध्यावर बोटानं टिचकी मारा. ढोलकीसारखा घुमता आवाज आला की बसायला हरकत नाही. भद्द आवाज आला तर वेत अजून आत ओला आहे, आणखी एक दिवस थांबा.